पाहुणे लॉजवर, यजमान घरी

लग्नाची तारीख ठरली की पूर्वी आपल्या घरांत पहिला प्रश्न असायचा, देगा किती लागतील? आता पहिला प्रश्न असतो, खोल्या किती लागतील?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. पुरुषमंडळी गच्चीवर, बायका आणि लेकरे आतल्या खोल्यांत, जास्तीचे लोक शेजाऱ्यांकडे. मोहल्ल्यातून गाद्या गोळा व्हायच्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर मालकाचे नाव शिवलेले असायचे आणि तरीही परत करताना भांडण व्हायचेच. आता भाऊ वेगळे झाले, वाड्याचे तीन भाग झाले, एकेका भागात दोन खोल्या. पाहुणेही बदलले. कोणाला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, कोणाला रात्री चारदा उठावे लागते, कोणाचे लेकरू एसीशिवाय झोपत नाही. वणीचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे ते त्या लेकराला नावे ठेवणार नाहीत. म्हणून गेल्या काही वर्षांत आमच्याकडे लग्न असो की मय्यत, बाहेरगावचे पाहुणे गावातल्या मधल्या दर्जाच्या लॉजवर उतरतात. फार स्वस्तातले नको आणि फार भारीतलेही नको, एक-दीड हजारात दोघांची सोय होईल असे, चौकाजवळचे, जिथून मस्जिद आणि लग्नाचे घर पायी गाठता येईल असे.

यातून एक कुजबुज सुरू झाली आहे आणि ती आम्ही अनेक घरांत ऐकली. पाहुण्याला लॉजवर पाठवणे ही मेहमाननवाजी झाली का? की पैसे देऊन अंगावरचे ओझे दुसऱ्यावर टाकणे? या लेखात आम्ही त्यावरच लिहिणार आहोत, आणि त्यासाठी आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी जे सांगितले त्याचाच आधार घेणार आहोत. पाहुणा निघताना 'सब अच्छा था' असेच म्हणतो. खरे काय ते चार-सहा महिन्यांनी, दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळते. आम्ही ते जपून ठेवले.

आधी आमच्या गावाबद्दल थोडे. वणीत 'हॉटेल' म्हणजे चहा-नाश्त्याची जागा. रात्री राहण्याच्या जागेला लॉज म्हणायचे, मग पाटीवर कितीही मोठे इंग्रजी नाव असो. हे लॉज लग्नाच्या पाहुण्यांसाठी निघालेले नाहीत. वणी हे कोळशाचे गाव. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी 1975 मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय नागपूरला, आणि उकणी, निलजई, घोन्सा, राजूर अशा तिच्या खाणी आमच्या आजूबाजूला. त्यात कापसाचा हंगाम, राजूरकडचे चुनखडीचे काम, मुकुटबनची सिमेंट फॅक्टरी. या सगळ्यांच्या मागे यंत्र दुरुस्त करणारे, हिशेब तपासणारे, ट्रकचे सुटे भाग विकणारे, ठेकेदारांची माणसे गावात येतात. लॉजची खोली त्यांच्या मापाने बांधलेली आहे. रात्री नऊला येणारा, जेवून झोपणारा आणि सकाळी आठला बाहेर पडणारा एकटा पुरुष हे तिचे खरे गिऱ्हाईक. दोन पलंग, एक टीव्ही, एक खुर्ची, भिंतीला तीन खुंट्या. खिडकी असते पण उघडत नाही, कारण उघडली की तासाभरात चादरीवर काळी बारीक पूड बसते. पाहुण्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आम्हाला इथेच सापडले. त्या खोलीत जेव्हा तीन बायका, दोन लेकरे आणि एक आजारी आजी उतरतात तेव्हा लॉजवाला वाईट नसतो, खोली दुसऱ्यासाठी बनलेली असते.

आमच्या यवतमाळच्या फुफींचा किस्सा नात्यात सगळ्यांना माहीत आहे. वय सत्तरीच्या पुढे, शब्दाला धार. भाचीच्या निकाहला आल्या आणि त्यांची बॅग थेट लॉजकडे निघालेली पाहून म्हणाल्या, "अपने लोगां के घर शादी, और मैं किराये के पलंग पे सोऊँ?" खोलीत गेल्या, पण बुरखा काढला नाही, बॅग उघडली नाही, पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. जेवायला बोलावले तर भूक नाही म्हणाल्या. आम्ही समजावून थकलो. शेवटी आमची मोठी मुलगी स्वतःची उशी घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, फुफीदादी, मी पण इथेच झोपणार, घरात मला जागा नाही. रात्री उशिरापर्यंत दोघींच्या गप्पा चालल्या. सकाळी फुफींनी स्वतः खाली जाऊन काउंटरवरच्या मुलाला विचारले की तुझी आई कुठली. दोन वर्षांनी दुसऱ्या भाचीचे लग्न ठरले तेव्हा त्यांचा फोन आला, तारीख विचारायच्या आधी त्यांनी विचारले, "वही लॉज है ना?"

फुफींना खोली खुपली नव्हती. घरातले कोणी सोबत नाही, हे त्यांना खुपले होते.

याच्या उलट एक सून. नाव सांगत नाही, ती हा अंक वाचते. तिने आम्हाला नंतर हळूच सांगितले की लग्न होऊन अकरा वर्षे झाली, पण सासरच्या नात्यातल्या कोणत्याही लग्नात दुपारी झोपायला मिळाले ते फक्त वणीत. लग्नाच्या घरात उतरलेली सून ही पाहुणी नसतेच. सकाळपासून कोणी तिच्या हातात कांदे देते, कोणी लेकरू देते. पंचवीस माणसांत एक न्हाणीघर, त्यालाही कडी नीट लागत नाही, आणि दारात कोणाचे तरी दीर उभे. पडदा पाळणाऱ्या बाईने अशा घरात चार दिवस कसे काढायचे याचा विचार आपण गच्चीवर झोपणाऱ्या पुरुषांनी कधी केला? लॉजवर तिला एक दार मिळाले, त्याला आतून कडी होती. लेकराला दूध पाजायला, कपडे बदलायला, दुखरी पाठ टेकायला तेवढे पुरेसे होते. जुन्या पद्धतीची आठवण काढून हळहळणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात, असे आमचे निरीक्षण आहे.

पण त्या कडीचाही एक किस्सा आहे. एका लग्नात आमच्या मावसबहिणी दुपारी खोलीत पडल्या होत्या, कडी लावायची राहिली, आणि पाण्याची बाटली घेऊन आलेला पोरगा दार लोटून सरळ आत. तो घाबरला, त्या ओरडल्या, खालून मॅनेजर धावत आला. पोरगा कामावर नवा होता. एकट्या पुरुषांच्या खोल्यांत कोणी टकटक करून जात नाही, म्हणून त्याला सवयच नव्हती. कुरआनच्या सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये अशी शिकवण आहे. त्याच ठिकाणी पुढे ज्या घरांत कोणाची कायम वस्ती नाही आणि जिथे आपल्या उपयोगाचे काही आहे अशा जागांची सवलत आहे. भाष्यकारांनी त्यात सरायांचा उल्लेख केला आहे. सराय सगळ्यांसाठी खुली असते. पण तिच्यातली भाड्याने दिलेली खोली त्या रात्रीपुरती राहणाऱ्याचे घर झाली, आणि तिथे परवानगीचा नियम आला. मॅनेजर मराठी माणूस, त्याला आम्ही हे आयतीचा हवाला न देता एवढेच सांगितले की बायका उतरल्या आहेत, टकटक करून आवाज द्या आणि थांबा. त्याने त्या दिवसापासून त्या मजल्यावर पाणी दाराबाहेर स्टुलावर ठेवायला सांगितले. तो स्टूल तिथे अजून आहे.

नमाजी पाहुण्याची अडचण गरम पाण्यापासून सुरू होते. लॉजच्या पाटीवर लिहिलेले असते, गरम पाणी सकाळी 6 ते 9. डिसेंबरात वणीत फजरची वेळ साडेपाचच्या सुमारास सुरू होते, म्हणजे थंडीत वुजू करणाऱ्याच्या वाट्याला बर्फासारखे पाणी. जवान माणूस सोसतो, म्हातारा आजारी पडतो. उन्हाळ्यात फजर साडेचारच्या आत सुरू होते, पण तेव्हा टाकीतले पाणी रात्रभर गरमच असते, तक्रार नाही. हिवाळ्यातल्या एका लग्नात आम्ही ही गोष्ट काउंटरवर बोललो तेव्हा रात्रपाळीचा मुलगा म्हणाला, "काका, पाच वाजता पायजे असन त मले रात्रीच सांगून ठेवा, मी बकेट आणून ठेवतो." आणि त्याने आणून ठेवली, पाच खोल्यांसमोर पाच बादल्या. त्याला कोणी पैसे दिले नव्हते, आम्ही नंतर दिले. इतक्या वर्षांत कोणत्याही पाहुण्याने मागितलेले गरम पाणी नाकारले गेल्याचे आम्हाला आठवत नाही. मागणे मात्र आधी व्हायला हवे. आपली गरज समोरच्याला माहीत असेलच असे धरून चालणे आणि मग मनात राग धरणे, हे आपल्यात फार आहे.

दुसरा प्रश्न किब्ल्याचा. बंद खिडकीच्या खोलीत दिशा कळत नाही. मोबाइलचा होकायंत्र पलंगाच्या लोखंडाजवळ वेडावाकडा फिरतो. वणीहून किब्ला पश्चिमेला आहे, पश्चिमेपासून उत्तरेकडे जेमतेम नऊ अंश झुकलेला. म्हणजे पश्चिम सापडली की काम झाले. आम्ही एकदा मालकाला विचारून एका मजल्यावरच्या खोल्यांत टेबलाच्या खणात आतल्या बाजूने छोटा बाण चिकटवला. मालक म्हणाला, बाहेर लावा ना, चालेल. आम्हीच म्हटले, आतच बरा, ज्याला हवा तो उघडून पाहील. प्रवासाच्या नमाजेबद्दलही पाहुण्यांत वाद होतात, म्हणून इथे सांगून ठेवतो. हनफी मसलकात साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला निघालेला आणि एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणारा मुसाफिर ठरतो, आणि त्याने जुहर, असर, इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोन पढायच्या असतात. नागपूर किंवा यवतमाळहून वणीला आलेला पाहुणा यात येतो, चंद्रपूरहून आलेला येत नाही. स्थानिक इमामाच्या मागे जमातीत उभा राहिला तर मात्र त्याने पूर्णच पढायची. बारीक तपशिलासाठी आपापल्या आलिमांना विचारावे.

स्वच्छतेबद्दल फार लिहीत नाही. चादर बदलून मागावी, न्हाणीघरात मग आणि बादली आहे की नाही ते पाहावे, आणि जानमाज घरून न्यावी. बहुतेक ठिकाणी मागितली की दुसरी चादर मिळते.

दारूचा विषय मात्र टाळता येत नाही. मधल्या दर्जाच्या अनेक लॉजखाली बार असतो, आणि वणीत हा प्रश्न काही वर्षे जास्तच झोंबला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती. वर्धा नदी ओलांडली की आमचा तालुका सुरू होतो, त्यामुळे पलीकडे बंदी आणि इकडे रात्रीची गर्दी अशी स्थिती झाली. त्या काळात एका लग्नाला आलेल्या आमच्या चंद्रपूरच्या भाभी म्हणाल्या होत्या, आमच्या जिल्ह्यातले सगळे पिणारे तुमच्या जिन्यातच भेटले. हसण्यावारी नेले, पण रात्री अकरा वाजता दोन मुलींना घेऊन त्या जिन्याने चढणे हसण्यासारखे नव्हते. तेव्हापासून आमचा नियम एकच. खोली दुपारी पाहायची नाही. रात्री दहाला जाऊन पाहायची. दुपारी सगळेच लॉज सारखे दिसतात. बार असलाच तर बायकांच्या खोल्यांचा जिना वेगळा आहे का, तेवढे तरी पाहायचे.

आता काउंटरची गोष्ट. खोली वाईट निघाली तर माणूस एक रात्र काढतो आणि विसरतो. काउंटरवर जे घडते ते विसरत नाही.

आमच्या नात्यातले एक तरुण जोडपे एका मोठ्या शहरात उपचारासाठी गेले होते. फोनवर खोली ठरली, भाडे ठरले. रात्री पोचल्यावर आधार कार्ड पुढे केले, काउंटरवरच्या माणसाने नावे वाचली, आत गेला, परत आला आणि म्हणाला की खोली नाही, सगळे फुल झाले. मागे किल्ल्यांच्या फळीवर सात-आठ किल्ल्या लटकत होत्या. नवऱ्याने वाद घातला नाही, कारण बायकोच्या अंगात ताप होता. दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथे नाव पाहूनही खोली मिळाली आणि मालकाने रात्री मेडिकल कुठले उघडे असते तेही सांगितले. दोन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर. म्हणून 'आपल्याला कोणी खोली देत नाही' असे म्हणणे आम्हाला पटत नाही, आणि 'असे कुठे होत नाही' असे म्हणणारेही पटत नाहीत.

कायदा काय म्हणतो ते प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडानुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकावर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे जाण्याबाबत कोणतीही आडकाठी घालता येत नाही. विहिरी, तलाव, घाट यांचाही तिथे उल्लेख आहे. हॉटेल हा शब्द संविधानात उगीच आलेला नाही.

ज्या माणसाच्या देखरेखीखाली ते लिहिले गेले, त्यांनी स्वतः हे भोगले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होते, म्हणून ते एका पारशी सरायीत गेले. तिथे फक्त पारशांना राहता येई. रखवालदाराला उत्पन्नाची गरज होती, त्यामुळे दिवसाला दीड रुपयावर आणि नोंदवहीत पारशी नाव लिहून जागा मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जमले आणि त्यांना तिथून बाहेर काढले. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, दोघांकडेही जमले नाही. मग ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे सगळे आहे.

त्याच आठवणींत आणखी एक प्रसंग आहे, आणि आपल्या मासिकात तो सांगायलाच हवा. 1934 मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसोबत दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. महिना रमजानचा होता. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून मंडळींनी दाराजवळच्या हौदाचे पाणी घेतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला, आणि बघता बघता जमाव जमला. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. ज्या धर्मात वुजूचे पाणी आणि नमाजेची रांग सगळ्यांना एक आहे, त्या धर्माची नावे लावणाऱ्यांनी हे केले. काउंटरवर आपले नाव वाचून कोणी किल्ली मागे घेतो तेव्हा आपल्याला जे वाटते, तेच त्या दिवशी त्या मंडळींना वाटले असेल. आजही आपल्यातले किती घरमालक भाडेकरूची जात आणि जमात विचारतात, हे ज्याने त्याने पाहावे.

अमेरिकेतही काळ्या लोकांना रस्त्यात रात्री जागा मिळत नसे. न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने 1936 पासून एक छोटे पुस्तक काढायला सुरुवात केली, त्यात काळ्या प्रवाशांना कुठे खोली मिळेल याची यादी असे. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला हा भेदभाव बंद केला आणि काही वर्षांतच ते पुस्तक बंद पडले. आपल्याकडे अशी छापलेली यादी नाही, पण तोंडी यादी आहे. कोणत्या शहरात कुठे उतरायचे हे आपण एकमेकांना फोन करून विचारतोच.

काउंटरवरची प्रत्येक विचारणा मात्र भेदभाव समजू नये. राहणाऱ्यांची नोंद ठेवणे ही जुनी पद्धत आहे. इंग्रजांच्या 1867 च्या सराय कायद्यात सरायवाल्याकडून मुक्कामी लोकांची माहिती मागवण्याची तरतूद होती. आजही पोलीस नोंदवही पाहतात आणि ओळखपत्र सगळ्यांकडून मागितले जाते. परदेशी नागरिक उतरला तर लॉजवाल्याला 24 तासांत कळवावे लागते. आखातात नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्टचा आपला भाऊ यात येत नाही, हे कधी कधी काउंटरवर समजावून सांगावे लागते. आधारची झेरॉक्स द्यायची नसेल तर पहिले आठ आकडे झाकलेले आधार संकेतस्थळावरून काढता येते. नाहीतर मतदार कार्ड किंवा लायसन्स दाखवावे.

आपल्या बायकांच्या नावाचा घोळ वेगळाच. नवऱ्याच्या कार्डावर शेख, बायकोच्या कार्डावर पुढे बी किंवा परवीन, वडिलांचे नाव, आडनाव भलतेच. काउंटरवरचा पोरगा गोंधळतो आणि नको तो प्रश्न विचारतो. सोबत तीन लेकरे उभी असताना 'तुम्ही नवरा-बायको ना?' असे ऐकून आमच्या एका साडूंना इतका राग आला की त्यांनी तिन्ही लेकरांना रांगेत उभे करून विचारले, सांगा रे, ही कोण? पोराने हात जोडले. नवरा-बायकोने खोली घेताना निकाहनामा दाखवलाच पाहिजे असा कायदा नाही. तरी निकाहनाम्याचा फोटो मोबाइलमध्ये असलेला बरा. रात्री दहा वाजता कायद्यावर भाषण करण्यापेक्षा फोटो दाखवणे सोपे.

बिलाबद्दल दोन ओळी. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला आहे, आधी तो 12 होता. जुन्या दराने कोणी लावला तर विचारावे. जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप जोडता येत नाही, तशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

प्रवाशाच्या सोयीचा आपला वारसा मोठा आहे. शेरशाह सूरीच्या पाच वर्षांच्या राज्यात सडकेवर ठरावीक अंतराने सराया उभ्या राहिल्या आणि त्यांत हिंदू व मुसलमान प्रवाशांच्या जेवणा-पाण्याची आपापल्या रीतीप्रमाणे सोय होती, असे इतिहासकार सांगतात. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादची पाणचक्की पाहा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ही चक्की डोंगरातून आणलेल्या पाण्यावर फिरायची आणि तिथे येणाऱ्या फकीर-मुसाफिरांच्या भाकरीचे पीठ दळायची. मुंबईला गेलेल्या जुन्या हाजींना क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आठवत असेल. कुरआनने जकातीचा हक्क ज्यांना दिला त्यांत वाटसरू आहे. त्यामुळे मुक्कामाची सोय घराबाहेर करणे यात इस्लामी रीतीला सोडून काही नाही.

उरतो तो यजमानाचा भाग. हजरत इब्राहिम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले, तेव्हा ते गुपचूप घरात गेले आणि भाजलेले वासरू आणून त्यांच्यापुढे ठेवले, असे कुरआनात आले आहे. भूक आहे का असे विचारत बसले नाहीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाहुण्याची खास बडदास्त एक दिवस-रात्र आणि पाहुणचार तीन दिवस सांगितला. पुढचे ते सदका, आणि यजमानाला जड होईल इतके राहू नये असे पाहुण्यालाही सांगितले. आम्ही यातून आपल्या घरापुरती एक रीत लावून घेतली. खोलीचे पैसे आधीच भरायचे, तेही पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे काउंटरवर खिशात हात घालायची वेळ त्याच्यावर येत नाही. चावी घ्यायला घरातला एक जण सोबत जायचा. सकाळचा नाश्ता घरून जायचा, थर्मासमध्ये चहा आणि रुमालात गुंडाळलेल्या पोळ्या. रोज संध्याकाळी मगरिबनंतर घरातल्या मोठ्यांनी लॉजवर जाऊन प्रत्येक खोलीत पाच मिनिटे बसायचे. पुरुषांनी पुरुषांकडे, बायकांनी बायकांकडे. कामे कितीही असोत. मागच्या वेळी ही पाच मिनिटे चुकली त्याच दिवशी मामूंच्या खोलीचा पंखा बंद होता आणि ते कोणाला बोलले नाहीत.

वलिम्याच्या दिवशी लॉजच्या माणसांसाठीही डबे जातात. आमच्या घरातल्या पोरांनी गेल्या वेळी बिर्याणीचे सहा डबे भरून नेले. रात्रपाळीचा तो बादलीवाला मुलगा म्हणाला, काका, मी माळकरी आहे. पोरे डबा घेऊन परत आली. घरी आमच्या अम्मीने अर्धा तास शोधून कोरा स्टीलचा डबा काढला, त्यात जर्दा आणि वेगळ्या भांड्यात केलेली बटाट्याची भाजी भरली, आणि डब्यासोबत निरोप दिला की भांडे नवे आहे, परत करू नको.